चाहत्यांची तक्रार वाजवी आहे

संपादक महाशयांस,

गतांकातील पत्रलेखकांनी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांस पराभव न पचवणारे ठरवले, त्यावर कोलंबसवासी प्रेक्षक या नात्याने हा खुलासा दाखल करीत आहे. 30 नोव्हेंबर 2024 रोजी मिशिगनच्या संघाने आमच्याच मैदानावर 13-10 असा विजय मिळवला, तो त्यांच्या पराक्रमाचा, हे निर्विवाद. परंतु आमच्या ज्या संघापाशी जेरेमाया स्मिथ व एमेका एग्बुका यांच्यासारखे चेंडू झेलणारे निष्णात गडी होते, त्याने मिशिगनच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या बलाढ्य बचावपटूंच्या तटबंदीवरच पुनःपुन्हा धडका माराव्यात, धावत चेंडू नेण्याच्या 26 प्रयत्नांत अवघे 77 यार्ड पदरी पडावेत, आणि पुढील डाव सज्ज्यातल्या शाळकरी पोरानेही आधीच ओळखावा, याला दुर्दैव कसे म्हणावे? दहा यार्डांसाठी चारच संधी देणाऱ्या या खेळात प्रतिपक्षास संभ्रमात ठेवणे हाच डावपेचांचा प्राण होय. पुढे त्याच मैदानावर त्याच संघाने, चेंडू मुक्तपणे फेकीत, टेनेसीविरुद्ध 42 गुण केले आणि 20 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले; म्हणजे सामर्थ्य शिलकीत होतेच, त्या दिवशी मात्र ते खर्ची घातले गेले नाही, आणि त्याचाच जाब आम्ही मागत आहोत.

आपला,
एक वाचक