वजनाचा आकडा आणि विकरांचे वय

नवजात बाळाच्या केसपेपरवर वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेले असते आणि बहुतेक औषधांची मात्रा त्याच आकड्याने गुणून काढली जाते. या हिशेबामागचे गृहीतक असे की बाळाचे यकृत म्हणजे मोठ्या माणसाचेच यकृत, फक्त आकाराने लहान आणि जरा कच्चे. वजन कमी म्हणून डोस कमी, कच्चेपणापोटी आणखी थोडी काटछाट, की झाले. हे गृहीतक आता सोडायला हवे, असे आमचे मत आहे. गर्भाचे यकृत प्रौढाचे काम अर्धवट करत नसते. त्याचे कामच वेगळे असते आणि त्यासाठीची विकरेही वेगळी असतात.

सीवायपी३ए हे विकरांचे कुळच घ्या. प्रौढ यकृतात त्यातले ३ए४ मुख्य आणि वापरातल्या कितीतरी औषधांची विल्हेवाट तेच लावते. गर्भात ती जागा ३ए७ची असते. दोघांची जनुके सातव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी, रचनाही बरीच सारखी, पण पसंती निराळी. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या डीएचईए सल्फेटच्या सोळाव्या कार्बनला ३ए७ हायड्रॉक्सिल गट जोडते आणि त्यापासून पुढे वारेत एस्ट्रिऑल तयार होते. जादा झाल्यास गर्भाच्या घडणीला घातक ठरणारे रेटिनॉइक आम्लही ते निकालात काढते. गुंगी आणणारे मिडाझोलाम मात्र त्याला फारसे जमत नाही. प्रौढात दोन-तीन तासांत निम्म्यावर येणाऱ्या या औषधाला नवजातात सहा ते बारा तास लागू शकतात. जन्मानंतर ३ए७ ओसरू लागते, ३ए४ चढू लागते आणि महिन्याभरात त्याची क्रियाशीलता प्रौढाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत पोचते. मग सारख्याच वजनाची दोन बाळे, एक दोन दिवसांचे आणि एक तीन आठवड्यांचे, मिडाझोलामपुरती सारखी कशी धरायची?

मात्रा सरसकट कमी ठेवली की प्रश्न मिटतो, असे काही जण म्हणतील. या सावधगिरीला इतिहास आहे. ग्लुक्युरोनाइड जोडणारी विकरे तोकडी पडल्याने क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक साचून बाळे राखाडी पडली आणि दगावली, हे १९५९ मध्ये पुढे आले. पण सगळ्याच वाटा अशा बंद नसतात. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तीच वाट अरुंद असली तरी सल्फेट जोडणारी विकरे गर्भावस्थेपासूनच कामाला लागलेली असतात आणि बराचसा भार तीच उचलतात. थिओफायलिनची तऱ्हा तर आणखी वेगळी. प्रौढात सीवायपी१ए२ त्याचे मिथाइल गट काढते. नवजातात ते विकर जवळपास नसतेच, आणि उलट एक मिथाइल गट जोडला जाऊन थिओफायलिनचे कॅफिन होते. प्रौढात साधारण पाच तासांत निम्मे होणाऱ्या कॅफिनला अपुऱ्या दिवसांच्या बाळात शंभरेक तास लागू शकतात. म्हणजे दिले एक औषध, अंगात दोन. नुसती मात्रा कमी करून हा पेच सुटत नाही. शिवाय झटके येणाऱ्या बाळाला अपुरा डोस देणे ही सावधगिरी नव्हे.

रक्तातली पातळी मोजावी, हा आक्षेप अधिक वजनदार. पण पातळी आजची स्थिती सांगते. विकरे आठवड्याभरात कुठे असतील ते सांगत नाही, आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात (एसएनसीयू) ती सोय हाताशी असणे विरळाच. व्यक्तीव्यक्तीत फरक मोठा असल्याने मात्रेसाठी वयाचे कोष्टक केले तरी ते ढोबळच राहील, हेही कबूल. तरी जेंटामायसिन पाहा. ते मूत्रपिंडावाटे जाते, विकरांशी त्याला देणेघेणे नाही; पण त्याच्या दोन डोसांमधले अंतर गर्भारपणाचे आठवडे आणि जन्मानंतरचे दिवस पाहून ठरवण्याची सवय आपल्याला आधीच आहे. यकृतातून जाणाऱ्या औषधांसाठी ती शिस्त अवघड का वाटावी? वयाचे हे दोन्ही आकडे लागतात, कारण सारी विकरे एकाच घड्याळावर चालत नाहीत. एफएमओ या दुसऱ्या कुळातले एफएमओ१ जन्म होताच यकृतातून मावळते, मग बाळ किती का आठवड्यांचे असेना. त्याची जागा घेणारे एफएमओ३ मात्र जन्मानंतरही बराच काळ उगवत नाही. मधल्या काळात बाळाकडे यातले कोणतेच पुरेसे नसते, आणि वजनाच्या रकान्यात त्याचा मागमूसही दिसत नाही.