धावपट्टी नजरेआड होते तेव्हा

२८ जुलै २०१० रोजी एअरब्लूचं एअरबस ३२१ विमान इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेकड्यांवर आदळलं. त्यातल्या १५२ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. ढग खाली आले होते आणि धावपट्टीला वळसा घालून उलट बाजूने उतरायचं होतं. अशा वेळी धावपट्टी सतत नजरेत हवी, विमान ठरलेल्या अंतरातच फिरायला हवं. कॅप्टनने भिस्त ठेवली ती संगणकात भरलेल्या बिंदूंवर. विमान सुरक्षित हद्दीबाहेर गेलं.

सिम्युलेटरवर, स्वच्छ हवेत हा वळसा कुणालाही जमतो. (परीक्षेपुरता तर नक्कीच.) घोटून घ्यायला हवा तो धावपट्टी ढगात गडप होण्याचा क्षण: तिच्याच दिशेने वळत वर चढायचं, उतरण्याचा नाद सोडायचा. मन नेमकं इथेच अडतं.

आणि को-पायलटचं काय? त्या उड्डाणात कॅप्टनने त्याला आधीच फटकारून नमवलं होतं. टेकड्यांचे इशारे वाजत असताना तो वळायला सांगत राहिला, पण ताबा त्याने घेतला नाही. वरिष्ठाच्या हातून विमान काढून घेण्याचा सराव प्रत्येक सिम्युलेटर-सत्रात सक्तीचा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वरिष्ठांना ते रुचणार नाही, हे गृहीत धरून.