एक कॅमेरा पुरे!

दिवाळीच्या सुट्टीनंतर इयत्ता नववीचे विद्यार्थी नर्मदेच्या काठाने बडवाह ते महेश्वर अशी तीन दिवसांची पदयात्रा करणार आहेत. तिचे चित्रीकरण व्हावे ही पालकांची इच्छा रास्तच आहे. त्यासाठी बाहेरून व्हिडिओवाला व ड्रोन आणावा, किंवा प्रत्येकाला मोबाइल नेऊ द्यावा, अशा सूचना आल्या आहेत. आमचे मत वेगळे आहे.

१९५३ ची एव्हरेस्ट मोहीम आठवावी. चित्रपटासाठी टॉम स्टोबार्ट सोबत होतेच. पण अगदी वरच्या चढावरचे चित्रण जॉर्ज लोव या गिर्यारोहकाने लहान कॅमेऱ्याने केले. २९ मे रोजी हिलरी यांनी आपला कॅमेरा थंडीपासून जपण्यासाठी कपड्यांच्या आत ठेवून शिखरावर नेला. सुमारे पाव तासात त्यांनी तेन्झिंग यांचे छायाचित्र आणि चहूबाजूंची दृश्ये टिपली. जगाला तेवढे पुरले. मोहिमेचे चित्रण चालणाऱ्यानेच करावे, हा त्यातला धडा.

म्हणून आमचा आग्रह आहे की तुकडीत एकच मोबाइल कॅमेऱ्यासाठी असावा. सोबत एक पॉवर बँक व पावसापासून जपायला प्लास्टिकची पिशवी. मोबाइल विमान मोडवर ठेवला की बॅटरी अधिक टिकते. मोबाइल आडवा धरावा, हात स्थिर ठेवून प्रत्येक दृश्य दहा सेकंद घ्यावे: आधी घाट, मग माणसे, मग हात किंवा पाय. वाऱ्याने आवाज खराब होतो. म्हणून बोलणे आडोशाला टिपावे. कोणाचेही चित्रण करण्यापूर्वी त्यांना विचारावे. साधन मोजके असले की काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा विचार करावाच लागतो. हेच खरे शिक्षण.

आणखी एक गोष्ट. शिखरावर हिलरींचे छायाचित्र निघालेच नाही, कारण कॅमेरा त्यांच्याच हाती होता. आपल्याकडे कॅमेरा पाळीपाळीने फिरावा, म्हणजे सगळेच चित्रात येतील. ज्याच्या घरी चांगला मोबाइल नाही, तोही चित्रण करील आणि कोणी कमी ठरणार नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती की व्हिडिओवाल्यावर होणारा खर्च, प्रवासखर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा. चित्रफीत थोडी हलली तरी चालेल, पण एकही मूल मागे राहू नये.