भुताची साक्ष कशाला?

हातात यंत्र घेऊन शनिवारवाड्याभोवती रात्री भूत शोधणाऱ्या हौशी मंडळींना माझा एकच सवाल आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली ती जिवंत माणसांची. राघोबादादांना दोषी ठरवायला त्यांना भुताची साक्ष लागली नाही. तुमचे यंत्र तर चुंबकीय क्षेत्र मोजते. जवळच्या विजेच्या तारेनेही त्याचा आकडा चढतो! अहो, अडीचशे वर्षांपूर्वीची ‘काका, मला वाचवा’ ही हाक ऐकायला टपलेले तुमचे कान, शेजारची सून ‘झपाटली’ म्हणून मांत्रिकाचा मार खाते तेव्हा कुठे असतात? तो मार २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या हाकेला आधी धावा!