नोंद हीसुद्धा अमानत

मुंबईत ट्रॉम्बेला ‘ध्रुव’ अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली. तिच्यातले न्यूट्रॉन पदार्थावर सोडतात. कोणत्या कोनात किती विखुरले, याची नोंद संगणक ठेवतो. त्यावरून पदार्थात अणू कसे रचले आहेत, ते कळते. मोजणी तासन्‌तास चालते. पण नमुन्याचे नाव किंवा तापमान चुकीचे भरले, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो. आणि नकोसा आकडा मुद्दाम वगळला, तर ती खियानतच.

विद्यापीठांतील संशोधकही तेथे प्रयोग करतात. आपल्या मुलामुलींनी तिथवर पोहोचावे, ही आमची दुआ. मात्र इल्मसोबत अमानतदारीही हवी. मित्राच्या जर्नलमधले आकडे उतरवून घेण्याची सवय शाळेतच मोडू या. जे दिसले, तेच लिहावे.