बोर्ड कुणाचा?

‘पैसे आमचे, बोर्ड आमचा, मग आम्ही म्हणू तसाच झाला पाहिजे.’ आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर येतं. ऐकायला ते रास्त वाटतं. मला मात्र ते साफ चुकीचं वाटतं, आणि का, तेच आज सांगायचं आहे.

आमचं घर बेळगावात बोर्ड करून जगतं. सासऱ्यांच्या हातात ब्रश होता, यांच्या हातात माऊस आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून छपाईआधी शुद्धलेखन तपासायचं काम लग्नापासून माझ्याकडे. स्वयंपाकघरातून उठून मी किती ‘आर्शिवाद’ सरळ केले आणि किती ‘जेष्ठां’ना त्यांचा ‘य’ परत दिला, त्याची गणती नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने काय मागितलं याची चिठ्ठी आधी माझ्या हातात येते.

दहा फूट बाय तीन फुटांच्या बोर्डावर लोकांना काय काय हवं असतं! दुकानाचं नाव, मालकाचं नाव, कैलासवासी वडिलांचा फोटो, दोन देव, चार मोबाईल नंबर, मालाची पूर्ण यादी आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’. जीएसटी नंबर तर पाटीवर असावाच लागतो, तो नियम आहे. पण तो दुकानाच्या नावाएवढा मोठा असावा, असं कुठल्या नियमात लिहिलंय?

आता सांगा, हा बोर्ड वाचणार कोण? मालक नाही. त्याला स्वतःचं दुकान डोळे मिटूनही सापडतं. बोर्ड लागतो परगावाहून आलेल्या माणसाला, बसच्या खिडकीतून बघणाऱ्याला, चष्मा विसरून आलेल्या आजीला. माझ्या मावशीला डोळ्यांच्या एका दवाखान्यात न्यायचं होतं. दवाखान्याची पाटी पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, त्यात डॉक्टरांच्या पदव्यांची रांग. मोतीबिंदू झालेल्या बाईने ती कशी वाचावी? आम्ही दोनदा पुढं गेलो, शेवटी पानवाल्याने दाखवला. पैसे एकजण देतो आणि वाचतो दुसराच, ही या धंद्याची खरी अडचण आहे. तो दुसरा आमच्या दुकानात कधी येत नाही, घासाघीस करत नाही, तक्रारही करत नाही. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी असेल तर फक्त बोर्ड करणारा. तोही ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाला, की वाचणारा वाऱ्यावर.

यात शोभेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. आमच्याकडे पूर्वीपासून ठोकताळा असा की दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. तीस फुटांच्या रस्त्यापलीकडून वाचायचं तर तीन इंच. आणि आपल्या देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. म्हणजे तीन इंचांच्या अक्षराला पाच-सहा इंचांची पट्टी द्यावी लागते. सासरे खडूचं सूत मारून आधी ही पट्टी आखत, मग ब्रश उचलत. कॉम्प्युटरवर अक्षर ओढून लांब करता येतं, दाबून चपटं करता येतं. म्हणून ते करावं असं नाही.

आता दुखऱ्या जागेवर येते. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीने फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला, तोही वरच्या बाजूला, द्यावा लागतो. ‘मराठीला जागाच उरली नाही हो,’ असं आपली माणसं हळहळून म्हणतात. त्या कायद्यावर काय बोलायचं ते जाणत्यांनी बोलावं. मी फक्त पट्टी लावून बघते. तीन फुटांतले 60 टक्के म्हणजे साडेएकवीस इंच गेले. खाली चौदा इंच उरतात. आठ इंचांत मराठी आणि चार इंचांत इंग्रजी नाव सुखाने बसतं, वर दोन इंच मोकळेही राहतात. रस्त्यापलीकडून मराठी स्पष्ट वाचता येते. पण याच माणसांना ‘फोटो काढा, दोन नंबर कमी करा’ म्हटलं, तर उत्तर येतं, ‘मग मराठी काढा, चालेल.’ हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय. मराठीची जागा तुमच्या चौथ्या मोबाईल नंबरने खाल्ली, हे निदान कबूल तरी करा!

श्रवणबेळगोळला आपण सगळ्याच जाऊन आलोय. दहाव्या शतकाच्या अखेरची जवळपास 58 फुटांची मूर्ती, आणि ती कुणी करवली ते पायाशी कोरलंय, कन्नडात, तमिळात आणि मराठीत. मराठीच्या जुन्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. एवढं मोठं काम करवणाऱ्या चामुंडरायाला आपल्या नावाला मोजके शब्द पुरले. तीन भाषा शेजारी शेजारी राहिल्या, कुणी कुणाला ढकललं नाही. आणि आपण एका पंख्याच्या दानासाठी पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव मागतो.

पण सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकून आमच्या धंद्याला सुटता येणार नाही. आम्ही भाव सांगतो चौरस फुटाचा आणि डिझाईन ‘फुकट’. मग गिऱ्हाईक रिकाम्या जागेला आपले बुडालेले पैसे समजणारच! फुटाफुटाला पैसे मोजलेत, तर फूट भरून घ्या, हा त्याचा हिशेब आम्हीच त्याला शिकवलाय. फुकट दिलेल्या डोक्याला कुणी किंमत देत नाही, हे बायकांना वेगळं सांगायला नको. आखणीचे पैसे वेगळे लावा. एकाच मजकुराचे दोन नमुने काढा, एक त्याच्या मनासारखा, एक वाचता येणारा. रस्त्यापलीकडे उभं करून दोन्ही दाखवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

तरीही जो ऐकत नाही, त्याचं काय? रंग त्याचा, देव त्याचा, नाव लिहायची त्याची रीत त्याची. तिथे वाद घालू नये. त्याने बजेट कमी सांगितलं तर बोर्ड लहान करावा. पण चुकीचं शुद्धलेखन, एकमेकांत घुसलेली अक्षरं आणि न दिसणारे रंग, या तीन गोष्टींना नाही म्हणावं. घरात हप्ते असताना नाही म्हणणं सोपं नसतं, हे मला वहीतल्या आकड्यांवरून कळतं. पण डॉक्टर रोग्याने मागितलं म्हणून कुठलंही औषध देत नाही, आणि शिंपीही माप सोडून शिवत नाही. बोर्डवाल्यानेच का माप सोडावं?

आणि बायांनो, हे फक्त पुरुषांच्या दुकानांबद्दल नाही. पापड-लोणच्याचा घरगुती उद्योग, पार्लर, शिकवणी, मंडळाचा कार्यक्रम, यांच्या पाट्या आपणच सांगतो, आणि त्यातही पंचवीस नावं, बारा फोटो आपणच घालतो. आपल्याला तर हे कळायला हवं. इरकलीचं अंग साधं असतं म्हणून काठ उठून दिसतो. ठिपक्यांमध्ये जागा सोडली नाही तर रांगोळी होत नाही, नुसता पसारा होतो.

पुढच्या वेळी पाटी सांगायला जाल तेव्हा चिठ्ठी लिहा, आणि दुकानाच्या पायरीवर थांबून तिच्यातल्या निम्म्या गोष्टी खोडा. मराठी नाव मात्र खोडू नका.