मोफत वीज आणि ७०० फुटांचं बोअर

शिव्या पडतील हे माहीत असून लिहितोय.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतंय, मार्च २०२९ पर्यंत भरणार. चांगलं झालं. सोयाबीनला भाव नाही त्यानं बिल भरायचं कुठून? माझा वाद त्याच्याशी नाही, वाद आहे त्या ऑटो स्विचशी.

आपल्या लातूर-धाराशिवकडं रात्रीची लाईट म्हणजे साप-विंचवात शेतात जाणं. म्हणून ऑटो बसवला. त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं? पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. लाईट येताच डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू, डीपी जळाली! मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर आणा, नवी डीपी येईपर्यंत पीक वाळताना बघा. आणि नाहीच जळाली, तर रात्रभर पाणी सरी फोडून नाल्यात. बिलच येत नाही म्हटल्यावर मीटर बघतो कोण!

आता हिशोब बघा. १००० लिटर पाणी १०० मीटरवरून वर काढायला, पंप अगदी आदर्श धरला तरी, पाव युनिटापेक्षा जास्त वीज लागते. आपला जुना, दोनदा रिवाइंड केलेला पंप त्याच्या दुप्पट तरी खातो. २०० फुटांवरचं पाणी ७०० वर गेलं की वीज साडेतीन पट. पाणी तेवढंच, ऊस तेवढाच. खरं तर २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण २०० फुटांखाली, नवं बोअर घ्यायला मनाई आहे. गाडीवाल्याला सांगून बघा, हसेल.

विजेलाही पाणी लागतं, हे आपल्याला परळीनं दाखवलंय. २०१५ ला तिथलं थर्मल पाण्याअभावी बंद पडलं. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तरी उसाचं क्षेत्र विचारू नका.

कुणी म्हणेल, सोलर आलंय की. दिवसा पाणी मिळतं, रात्रीची झोप वाचते, सोलर घ्याच. पण ऊन फुकट म्हणून दिवसभर उपसलं तर बोअरला काय कळतं, वीज कुठली ते? हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, मग पीक ठरवलं. तिथं पाऊस आपल्यापेक्षा कमीच पडतो, हेही सांगून ठेवतो.

बिल माफ राहू द्या, पण मीटर चालू ठेवा. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाळ्या ठरवा, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे १२ पंप म्हणजे ती काठोकाठ भरली. तुमच्या डीपीवर किती आहेत? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला झेंड्यानंतर माणसं असतातच, तिथं विचारा. आकडा मिळाला तर खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका, आकडे टाकून चालणारेसुद्धा मोजून.